व्यसनाच्या उपचाराला ओपीडीचं दार हवं

आपल्याकडे घरातल्या माणसाचं पिणं हाताबाहेर गेलं की नातेवाईक येऊन पहिला प्रश्न विचारतात, ‘मॅडम, याला कुठे ठेवता येईल?’ त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. शपथा घेऊन झालेल्या असतात, मुलांच्या डोक्यावर हात ठेवून झालेला असतो, मंगळसूत्र गहाण पडून, सुटून, पुन्हा गहाण पडलेलं असतं. थकलेल्या घराला निदान महिनाभर रात्रीची झोप हवी असते. पण आपली सगळी गफलत या प्रश्नातच आहे. आजार ओळखायला आपण इतका उशीर लावतो की ‘ठेवण्या’पलीकडे काही सुचत नाही. आणि ठेवणं म्हणजेच उपचार ही समजूत पक्की असल्यामुळे त्याआधी काही करता आलं असतं, हे कुणी सांगतही नाही.

तालुक्याच्या गावी व्यसनांच्या समुपदेशनाचं काम करताना माझं एक मत पक्कं होत गेलं आहे. दारूत किंवा गोळ्यांत अडकलेल्या बहुतेकांचा उपचार घरी राहून, कामधंदा सांभाळून, ओपीडीत येऊन-जाऊन होऊ शकतो आणि तो तसाच व्हायला हवा. दाखल होण्याची गरज काही जणांना असते. त्यांच्यासाठी ती सोय चांगलीच हवी. पण राज्याने व्यसनमुक्तीचं धोरण खाटा मोजत आखू नये. ते प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय आणि गल्लीतला फॅमिली डॉक्टर यांच्यापासून आखावं.

खाटांचं गणित साधं आहे. शंभर खाटांचं केंद्र असेल आणि उपचार पाच आठवड्यांचा असेल, तर एकही दिवस खाट रिकामी न ठेवता वर्षाला हजारभर माणसं तिथून बाहेर पडतील. आता दुसरी बाजू बघा. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या ‘एम्स’मधल्या व्यसनोपचार केंद्राने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ साली आला. त्यानुसार १० ते ७५ वयोगटातले सुमारे १६ कोटी भारतीय दारू पितात आणि त्यांतले सुमारे २.९ कोटी लोक दारूवर अवलंबून आहेत. या अवलंबून असलेल्यांपैकी कुठलाही उपचार मिळाल्याचं ३८ जणांमागे एकाने सांगितलं, दाखल होऊन उपचार मिळाल्याचं १८० जणांमागे एकाने. उरलेले १७९ कुठे आहेत? ते रिक्षा चालवतायत, ऊस तोडतायत, शाळेत शिकवतायत, बँकेत बसलेत. कोट्यवधी माणसांना पुरतील एवढ्या खाटा कुठलंच सरकार बांधू शकत नाही. बांधल्या तरी हातावर पोट असलेला माणूस पाच आठवडे मजुरी बुडवून तिथे येऊन राहणार नाही.

त्यातले पुष्कळ जण आपण आजारी आहोत हेच मानत नाहीत, आणि त्यांच्या घरचेही मानत नाहीत. आपल्या मनातला दारुडा ठरलेला आहे. तो गटाराशेजारी पडलेला असतो, बायकोला मारतो, घरातली भांडी विकतो. ज्याचं पिणं या चित्रात बसत नाही त्याला सवलत मिळते. ‘घेतो रोज, पण ड्युटी चुकवत नाही.’ ‘पितो, पण कुणाला त्रास नाही, गपचूप झोपतो.’ ही वाक्यं सांगणारी बायको स्वतःची समजूत घालत असते आणि नवरा ती प्रमाणपत्रासारखी वापरत असतो. रोज रात्री एक क्वार्टर संपवणारा माणूस ‘थोडीशीच घेतो’ म्हणतो. १८० मिलीच्या त्या बाटलीत साधारण साठ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. जागतिक आरोग्य संघटना ज्याला एक प्रमाणित पेय म्हणते त्याच्या सहापट. यकृताला हा माणूस कामावर वेळेत गेला होता की नाही, याच्याशी काही देणंघेणं नसतं.

श्रावणाचाही असाच पुरावा दिला जातो. ‘मी श्रावण पाळतो, महिनाभर थेंब घेत नाही, म्हणजे मला व्यसन नाही.’ श्रावण पाळता येणं ही चांगलीच गोष्ट आहे, आणि ज्याला तो त्रासाशिवाय पाळता येतो त्याचं शरीर अजून दारूला बांधलं गेलेलं नाही, असंही म्हणता येईल. पण त्या महिन्यात तो दिवस कसे मोजतो, चिडचिड किती करतो, गटारीला किती भरून घेतो आणि श्रावण संपताच पहिल्या आठवड्यात किती पितो, हे विचारल्याशिवाय त्या पुराव्याला किंमत नाही. मन बांधलेलं असेल तर महिनाभराची सुट्टी ही फक्त सुट्टी असते. लिव्हरचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून निर्धास्त होणाऱ्यांनाही हेच लागू आहे. तो रिपोर्ट यकृताबद्दल सांगतो, व्यसनाबद्दल नाही.

ओळखायचं कसं? डॉक्टर वापरतात ते चार प्रश्न कुणालाही घरबसल्या स्वतःला विचारता येतात. पिणं कमी करायला हवं असं कधी वाटलं का? पिण्यावरून कुणी बोललं की राग येतो का? पिण्याबद्दल मनात अपराधी वाटतं का? सकाळी उठल्यावर हात स्थिर व्हायला किंवा उतारा म्हणून घ्यावी लागते का? यांतल्या दोनांना ‘हो’ असेल तर डॉक्टरांकडे जायला हवं. चौथ्याला ‘हो’ असेल तर लगेच जायला हवं. माझ्या अनुभवात घरच्या लोकांना चौथ्या प्रश्नाचं उत्तर फार आधीपासून माहीत असतं. चहाचा कप दोन्ही हातांनी धरणारा, सकाळी सही करायचं टाळणारा, बँकेचं काम दुपारवर ढकलणारा माणूस त्यांनी रोज पाहिलेला असतो. त्याला ते ‘अशक्तपणा’ म्हणत असतात.

गोळ्यांचं व्यसन याहून अवघड, कारण त्याला वासही येत नाही आणि ते चटकन नजरेतही भरत नाही. त्यावर डॉक्टरचा शिक्का असतो. एखाद्या काकूंचा नवरा गेला, झोप लागेना, डॉक्टरांनी दहा दिवसांसाठी अल्प्राझोलामची गोळी लिहून दिली. दहा दिवस संपले, गोळी संपली नाही. आता चिठ्ठी लागत नाही; रिकामी स्ट्रिप घडी करून पर्समध्ये ठेवलेली असते, ती मेडिकलवाल्यासमोर धरायची, ‘हीच द्या.’ अर्धीची एक झाली, एकीच्या दोन झाल्या. मुलीकडे चार दिवस जायचं तर आधी गोळ्या मोजल्या जातात. रात्री बाथरूमला जाताना तोल जाऊन पडल्या, नावं विसरायला लागल्या, की घरचे म्हणतात ‘वय झालं’. या काकूंना कुणी व्यसनी म्हणणार नाही, आणि मीही तो शब्द त्यांच्या तोंडावर फेकणार नाही. पण त्यांचं शरीर त्या गोळीवर अवलंबून आहे हे वैद्यकीय सत्य आहे, आणि त्यावर उपचार मागण्याचा त्यांचा हक्क त्या दारू पिणाऱ्याइतकाच आहे. झोपेच्या आणि ‘टेन्शनच्या’ या जातीच्या गोळ्यांची सवय शरीराला काही आठवड्यांतच लागू शकते, अगदी लिहून दिलेल्या डोसातही. त्याच २०१९ च्या पाहणीत डॉक्टरच्या सल्ल्याशिवाय अशी शामक औषधं घेणाऱ्यांचा अंदाज सुमारे १.१८ कोटी आहे. ज्यांना वर्षानुवर्षं चिठ्ठी मिळत राहते ते त्यात धरलेलेही नाहीत.

तीच अल्प्राझोलाम मालेगाव-धुळ्याच्या पोरांमध्ये ‘कुत्ता गोळी’ म्हणून फिरते, झोपेच्याच नायट्राझेपाम गोळीला मराठवाड्यात ‘बटन’ म्हणतात, खोकल्याच्या कोडीनयुक्त औषधाच्या बाटल्या नाल्यात सापडतात. तिथे पोलीस धाड टाकतात, बातमी येते, फोटो छापून येतो. काकूंच्या पर्समधली स्ट्रिप आणि त्या पोराच्या खिशातली स्ट्रिप एकाच कारखान्यातून आलेली असते. एकीकडे आपल्याला फक्त गुन्हा दिसतो, दुसरीकडे काहीच दिसत नाही. अल्प्राझोलामसारखी औषधं १ मार्च २०१४ पासून ‘शेड्यूल एच-१’मध्ये आहेत. म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, विक्रेत्याने रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ते तीन वर्षं जपायचं असतं. वेदनाशामक ट्रॅमाडॉल २०१८ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं. नियम चांगले आहेत. पण कडक अंमल करून गोळी अचानक बंद पाडली आणि उपचाराची खिडकी उघडी ठेवली नाही, तर अवलंबून असलेल्या माणसाचं काय होतं, याचा विचार धाड टाकणाऱ्या खात्याने केलेला नसतो.

काय होतं ते सांगायलाच हवं, कारण आपल्या समाजात ‘हिंमत असेल तर आजपासून सोड’ हे वाक्य फार सहज वापरलं जातं. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवलं तर काही तासांतच हात कापायला लागतात, घाम फुटतो, उलट्या होतात, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास काहींना भास सुरू होतात. अंगावर किडे चालतायत, भिंतीवर माणसं दिसतायत, कुणीतरी मारायला आलंय. ताप चढतो, ठिकाणाचं-दिवसाचं भान जातं. उपचार मिळाला नाही तर यात माणूस दगावू शकतो. झोपेच्या गोळ्या एकदम बंद केल्या तरी फिट येऊ शकते. श्रावणाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, नाहीतर माळ घातल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात, ‘बाहेरचं काहीतरी लागलंय’ म्हणून देवऋष्याकडे नेलेली माणसं मला ठाऊक आहेत. माळेने कितीतरी घरं सावरली आहेत, तिच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. माळ घालायच्या आधी किंवा त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा, एवढीच विनंती मी प्रत्येक कीर्तनकाराला करीन. त्यांनी हे वाक्य फडावरून सांगितलं तर आमच्या शंभर भित्तिपत्रकांपेक्षा जास्त काम होईल.

आणखी एक. अशा माणसाला अशक्तपणा आला म्हणून कुठेतरी नेऊन ‘ग्लुकोजचं सलाईन लावून घेतलं’ हे आम्ही सारखं ऐकतो. वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या शरीरात ब-१ जीवनसत्त्वाचा, म्हणजे थायामिनचा, खडखडाट असतो. थायामिन न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका वाढतो. थायामिनचं इंजेक्शन महाग नाही, ते द्यायला तज्ज्ञही लागत नाही. फक्त समोरचा माणूस रोज पितो का, हे विचारायला हवं. ओपीडीच्या केसपेपरवर बीपी आणि साखर लिहितात तसा हा प्रश्न लिहिला जात नाही, ही माझी मुख्य तक्रार आहे.

बाह्यरुग्ण उपचारात नेमकं होतं काय, हे बहुतेकांना माहीत नसतं म्हणून जरा सविस्तर सांगते. पहिल्या भेटीत डॉक्टर किती, केव्हापासून, शेवटची कधी घेतली, मागे थांबवली तेव्हा फिट किंवा भास झाले होते का, सोबत कुठल्या गोळ्या चालू आहेत, घरी कोण आहे, जगणं नकोसं वाटतं का, हे विचारतात. नाडी, बीपी, हातांचा कंप बघतात, रक्त तपासायला पाठवतात. घरी राहून सोडणं सुरक्षित आहे असं दिसलं तर दारूची जागा तात्पुरती भरून काढणारं क्लोरडायझेपॉक्साइडसारखं औषध देतात आणि आठवडा-दहा दिवसांत कमी करत बंद करतात. हे औषध त्याच शामक गोळ्यांच्या जातीचं आहे, म्हणून दोन-तीन दिवसांपुरतंच हातात द्यायचं, तेही घरच्या माणसाच्या. सोबत थायामिन. पहिल्या आठवड्यात रोज किंवा दिवसाआड भेट, नाहीतर निदान फोन. झोपेच्या गोळ्यांचं उलट आहे, तिथे घाई चालत नाही. दर दोन-चार आठवड्यांनी डोस थोडा थोडा उतरवत न्यायचा, काही महिने लागू शकतात, आणि त्या काळात झोपेच्या सवयी, दुःख, एकटेपण यांवर बोलायचं. कारण गोळी सुरू झाली होती ती त्यासाठीच.

हे झाले पहिले दिवस. खरं काम त्यानंतरचं. ओढ कमी करणारी नॅलट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेटसारखी औषधं आहेत. मानसोपचारतज्ज्ञ शरीर बघून ती ठरवतात. आठवड्याला समुपदेशन. पगाराच्या दिवशी काय करायचं, मेहुण्याच्या हळदीला कुणाशेजारी बसायचं, ‘एकच घे रे’ म्हणणाऱ्याला काय उत्तर द्यायचं, असल्या अगदी बारीक गोष्टींवर आम्ही तासन्‌तास बोलतो. बायकोशी वेगळं बोलावं लागतं, कारण तिच्या मनात साठलेला राग खरा असतो आणि नवऱ्याने आठवडाभर सोडली म्हणून तो विरघळत नाही. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांनीच एकमेकांसाठी चालवलेल्या गटाच्या सभा जिथे आहेत तिथे फार आधार देतात आणि त्यांना पैसे पडत नाहीत. पाय घसरला तर माणूस त्याच ओपीडीत परत येतो. मधुमेह्याची साखर दिवाळीत वाढली म्हणून त्याला कुणी दवाखान्यातून हाकलत नाही. पुन्हा प्यालेल्या माणसालाही ‘आता कशाला आलास?’ असं ऐकवायचा अधिकार डॉक्टरला, नर्सला किंवा मला नाही.

हे सगळं कागदावरचं स्वप्न नाही, याचा पुरावा शेजारी गोव्यात आहे. ‘संगथ’ या संस्थेने तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. घातक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांपैकी निम्म्यांना नेहमीचा उपचार मिळाला, निम्म्यांना त्याच्या जोडीला मोजक्या भेटींचं समुपदेशन. ते करणारे डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञ नव्हते. नीट प्रशिक्षण दिलेली स्थानिक, सामान्य शिक्षणाची माणसं होती. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के धोक्याच्या पातळीखाली आले होते, दुसऱ्या गटातले २६ टक्के. मागच्या दोन आठवड्यांत अजिबात न प्यालेले पहिल्या गटात ४२ टक्के होते, दुसऱ्यात १८. वर्षभरानंतरही हा फरक टिकून होता. हे पुरुष व्यसनाच्या शेवटच्या पायरीवरचे नव्हते, मधल्या पायरीवरचे होते, हे मी मुद्दाम सांगते. त्या पायरीवर आपल्या राज्यात कुणी त्यांना गाठतच नाही. ते ताप, पाठदुखी, ॲसिडिटी घेऊन आरोग्य केंद्रात येऊन जातात, आणि परत पाच वर्षांनी पोटात पाणी झालं की येतात.

‘घरी ठेवून कसं जमेल, दाराबाहेर पडलं की वाइन शॉप आहे,’ असं मला नेहमी सांगतात. आक्षेपात तथ्य आहे. ओपीडीतले लोक मध्येच यायचे बंद होतात, हेही खरं. पण केंद्रात राहून आलेला माणूसही शेवटी त्याच दाराने घरी येतो आणि ते वाइन शॉप तिथेच असतं. त्याच्यासमोरून न थांबता पुढे जायची सवय त्याला तिथे, त्याच रस्त्यावर लागावी लागते. न आलेल्याला फोन करणारी, आशाताईंमार्फत निरोप धाडणारी व्यवस्था असेल तर गळती कमी होते. क्षयरोगाच्या कार्यक्रमात आपण हे वर्षानुवर्षं केलेलं आहे.

काहींना दाखल करावंच लागतं, याबद्दल शंका नको. आधी फिट किंवा भास झालेले, दारू आणि झोपेच्या गोळ्या दोन्ही एकत्र घेणारे (या जोडीने श्वास मंदावून झोपेतच मृत्यू येऊ शकतो), यकृत फार बिघडलेले, गरोदर स्त्रिया, जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलणारे, घरी लक्ष द्यायला कुणीच नसलेले. अशांसाठी चांगली केंद्रं महाराष्ट्रात आहेत. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’ने व्यसनी माणसाशी माणसासारखं कसं बोलायचं, हे या राज्याला शिकवलं. तिथे बाहेर पडल्यानंतरच्या पाठपुराव्याला आणि पत्नींच्या गटाला किती महत्त्व दिलं जातं, ते पाहिलं की आतल्या पाच आठवड्यांइतकीच नंतरची वर्षं मोलाची असतात हे कळतं. पण त्यांच्या पुण्याईवर बाजारात भलतीच दुकानंही उघडली आहेत. रात्री गाडी येते, चार धट्टेकट्टे लोक माणसाला उचलून नेतात, तीन-तीन महिने फोनही करू देत नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांशी जोडलेले आजार येतात. त्या कायद्यानुसार अशा आस्थापनेची नोंदणी लागते, आणि संमतीशिवाय दाखल करायचं तर ते मानसोपचारतज्ज्ञासह दोघांच्या स्वतंत्र तपासणीनंतर आणि ठरावीक मुदतीसाठीच करता येतं. मारहाण तर कुठल्याच कायद्यात बसत नाही. बाहेरचं दार बंद असलं की घरचे लोक हतबल होऊन या गाड्यांना फोन करतात. ओपीडी असती तर त्यातले कित्येक फोन झाले नसते.

तीच हतबलता ‘पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा’ या जाहिराती पोसते. एसटी स्टँडच्या भिंतीवर, रिक्षाच्या मागे त्या आपण सगळे वाचतो. पुडीत काय आहे हे कुणी सांगत नाही. डायसल्फिराम नावाचं एक खरं औषध आहे. ते घेतलेलं असताना दारू प्याली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, बीपी झपकन खाली येतं. समजून-उमजून, तपासण्या करून, संमतीने घेणाऱ्याला त्याचा उपयोग होतो. आमटीत लपवून घातलं तर ते जिवावर बेतू शकतं. आणि समजा जीव वाचला, तरी बायकोच्या हातचं जेवण तो पुन्हा विश्वासाने खाणार नाही.

दारूबंदीने हा प्रश्न सुटेल असं मानणाऱ्यांचा हेतू मला कळतो. गावात बाटली आडवी करणाऱ्या बायांनी जे सोसलंय ते मी जवळून पाहिलंय. पण गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, आणि तिथेही ‘मुक्तिपथ’ या दारू-तंबाखूविरोधी अभियानाला तालुक्याच्या ठिकाणी उपचाराची क्लिनिकं चालवावी लागतात. बंदीने नवे पिणारे कमी होतील, पण ज्याचं शरीर आधीच बांधलं गेलंय त्याला औषध लागतं.

राज्याला दारूवरच्या उत्पादन शुल्कातून वर्षाला वीस हजार कोटींहून जास्त मिळतात. त्यातला एक टक्का, म्हणजे दोनशे कोटी, फक्त व्यसनाच्या बाह्यरुग्ण उपचारासाठी बाजूला काढा, ही माझी मागणी आहे. त्या पैशात प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात प्रशिक्षित समुपदेशक बसवता येईल. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक महिन्यातून एकदा तोंड दाखवून जातं, ते ठरल्या वारी दर आठवड्याला येऊ शकेल. थायामिन, क्लोरडायझेपॉक्साइड आणि नॅलट्रेक्सोन औषध खिडकीवर मिळेल. आज चिठ्ठी घेऊन बाहेरच्या मेडिकलमध्ये जावं लागतं आणि निम्मे लोक तिथपर्यंत पोचत नाहीत. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरसकट उपचार मोफत झाले आहेत, पण मजुराला सकाळची ओपीडी म्हणजे बुडालेला रोज. व्यसनाची ओपीडी आठवड्यातून दोनदा तरी संध्याकाळी हवी. तिच्या दारावर ‘मनोविकार’ अशी ठसठशीत पाटी नको. आमच्याकडे लोक त्या पाटीमुळे समोरच्या चहाच्या टपरीवर बसून राहतात आणि बायकोला आत नंबर लावायला पाठवतात. नेहमीच्या ओपीडीतल्याच एखाद्या खोलीचा नंबर पुरेसा आहे. स्त्रियांसाठी वेगळी वेळ ठेवली तर पिणाऱ्या आणि गोळ्यांत अडकलेल्या बाया येतील. आज त्या येत नाहीत म्हणून त्या नाहीतच, असं सगळे धरून चाललेत. आणि एच-१ चं रजिस्टर तपासायला येणाऱ्या निरीक्षकाने त्याच मेडिकलच्या काउंटरवर जवळच्या ओपीडीचा वार आणि वेळ लिहिलेला कागद लावलेला आहे का, तेही बघावं.

तोवर जे आहे ते वापरायला हवं. जिल्हा रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहे. ठाणे, येरवडा, रत्नागिरी, नागपूर इथल्या मनोरुग्णालयांत बाह्यरुग्ण विभाग आहे, तिथे जाणं म्हणजे दाखल होणं नव्हे. १४४१६ या ‘टेलिमानस’च्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या, क्रमांकावर मराठीत बोलता येतं, १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, दोन्ही फोन मोफत. माणूस यायला तयार नसेल तर घरच्यांनी एकट्याने आधी येऊन जावं, आम्हाला ते चालतं. येताना घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिपा पिशवीत घालून आणा, जुने रिपोर्ट आणा, शेवटची कधी आणि किती घेतली ते खरं सांगा. पिऊन आलात तरी या. फक्त येण्याच्या आदल्या दिवशी ‘डॉक्टरांना दाखवायचंय’ म्हणून एकदम बंद करून येऊ नका.